घटक ६ : फ्रेम रिले – दूरवरच्या संगणकांना जोडणारी टप्प्यांची डाक

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• विस्तृत क्षेत्र जाळे म्हणजे काय व त्यातील मुख्य अडचण कोणती, हे सांगता येईल.
• फ्रेमची रचना व तिचा प्रवास यांचे वर्णन करता येईल.
• आभासी परिपथ, बांधील वेग आणि गर्दीच्या खुणा या संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करता येतील.
• सेवेच्या करारातील ‘हमी’ खरी की पोकळ, हे साध्या आकडेमोडीने तपासता येईल.
• तांत्रिक विषयावरील मराठी गद्यात परिभाषेची निवड कशी करावी, याचा विचार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण एका इमारतीतील संगणकांच्या जाळ्याचा परिचय करून घेतला. त्या जाळ्यातील तार आपली असते, तिची दुरुस्ती आपण करतो आणि तिच्यावरून कितीही माहिती पाठवली तरी कोणी भाडे मागत नाही. परंतु कार्यालये निरनिराळ्या गावी असली की हे स्वातंत्र्य संपते. रस्ते, नदी, डोंगर ओलांडून आपली तार टाकणे सामान्य संस्थेला शक्य नसते. दूरसंचार सेवा पुरवणाऱ्याची तार भाड्याने घ्यावी लागते. अशा भाड्याच्या तारांनी दूरदूरच्या ठिकाणांना जोडणारे जे जाळे, त्यास ‘विस्तृत क्षेत्र जाळे’ म्हणतात. ‘थोड्या पैशांत, दूरच्या ठिकाणी, भरवशाने माहिती कशी पोहोचवावी?’ हा या जाळ्यापुढील मूळ प्रश्न आहे. १९९० च्या दशकात या प्रश्नाला मिळालेले एक प्रभावी उत्तर म्हणजे ‘फ्रेम रिले’.

‘रिले’ ही कल्पना आपल्याला नवी नाही. डाकचौकीवर एका हरकाऱ्याने थैली दुसऱ्याच्या हाती द्यावी, त्याने पुढच्या चौकीपर्यंत धावावे, ही टप्प्यांची डाक भारतात शतकानुशतके चालत आली. पेशवेकालीन पत्रव्यवहारातही जासुदांच्या जोडीचा उल्लेख वारंवार येतो. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या परिसरात वसलेल्या वज्रेश्वरीचे नाव अशाच एका मोहिमेशी जोडलेले आहे. वसईच्या स्वारीत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला व १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर येथे मंदिर उभे राहिले, अशी परंपरा सांगितली जाते. त्या काळी वसईची वार्ता पुण्यास पोहोचण्यास जे लागे, तेच आजही लागते : मार्ग, टप्पे, खुणा आणि शब्द पाळणारा वाहक. या घटकात आपण वज्रेश्वरीचेच एक उदाहरण घेऊन हा विषय समजून घेणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ अडचण : किती तारा लागतील?

एका सहकारी बँकेची कल्पना करा. ही बँक व तिचे जाळे आपण केवळ अभ्यासासाठी मानले आहे. तिचे मुख्य कार्यालय ठाण्यात असून भिवंडी, वज्रेश्वरी, वाडा आणि शहापूर येथे चार शाखा आहेत. पाचही ठिकाणे एकमेकांशी थेट जोडायची, तर भाड्याच्या किती स्वतंत्र लाइन लागतील? प्रत्येक ठिकाण उरलेल्या चारांशी जोडावे लागेल. ५ गुणिले ४ म्हणजे २०. परंतु प्रत्येक लाइन दोन्ही टोकांकडून मोजली गेल्याने त्याचे निम्मे, म्हणजे १० लाइन लागतील. कार्यालये बारा झाली तर हीच संख्या ६६ होते. स्वतंत्र लाइनचे भाडे अंतराप्रमाणे वाढते आणि लाइन रात्रभर रिकामी राहिली तरी ते द्यावेच लागते. अर्थात लहान व दूरच्या गावातील शाखा सर्वांत महाग पडते. ‘तेथे संगणक नको, वहीच बरी’ असा निर्णय अनेकदा या हिशेबातून होतो. हा प्रश्न तांत्रिक दिसत असला, तरी त्याच्या पोटात गावाच्या वाट्याला काय येते हा प्रश्न दडलेला आहे.

यावर एक जुना उपाय होता. १९७६ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘एक्स.२५’ या पद्धतीत अनेक ग्राहकांची माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने सामायिक जाळ्यातून जात असे. भारतात दूरसंचार विभागाचे ‘आय-नेट’ हे जाळे याच पद्धतीवर चालत असे. मात्र एक्स.२५ ची घडण गोंगाट करणाऱ्या तांब्याच्या तारा गृहीत धरून झाली होती. प्रत्येक टप्प्यावर पुडके तपासायचे, पोच द्यायची, चूक आढळल्यास मागच्या टप्प्याकडून पुन्हा मागवायचे, असा तिचा क्रम होता. रजिस्टर टपालाची सही प्रत्येक चौकीवर घ्यावी, तसेच हे. सुरक्षितता मिळे, पण वेळ फार जाई.

१९८० च्या दशकात काचतंतूंच्या तारा आल्या आणि चुकांचे प्रमाण पुष्कळ घटले. टोकांचे संगणकही हुशार झाले; हरवलेला भाग ओळखून तो पुन्हा मागवणे त्यांना जमू लागले. मग प्रत्येक चौकीवर सही कशाला? चौकीने थैली पुढे ढकलावी. पोच घेण्याचे काम दोन टोकांनी करावे. फ्रेम रिलेचा सारा विचार या एका वाक्यात सामावलेला आहे. १९९० मध्ये सिस्को, स्ट्रॅटाकॉम, नॉर्दर्न टेलिकॉम आणि डिजिटल इक्विपमेंट या चार कंपन्यांनी एकत्र येऊन या पद्धतीला व्यवहार्य रूप दिले आणि १९९१ मध्ये ‘फ्रेम रिले फोरम’ची स्थापना झाली.

६.२.२ फ्रेमची रचना

फ्रेम म्हणजे चौकट. पाठवायची माहिती जिच्यात बसवली जाते ती ठरावीक घडणीची चौकट, असा येथे अर्थ आहे. तिचे भाग क्रमाने असे :

(१) प्रारंभखूण – ०११११११० हा आठ बिटांचा क्रम. फ्रेम येथून सुरू होते, हे यंत्राला यावरून कळते. हाच क्रम माहितीत सापडला तर घोटाळा होईल. म्हणून माहितीत सलग पाच १ आले की पाठवणारे यंत्र त्यांच्यामागे एक ० घुसवते आणि घेणारे यंत्र तो काढून टाकते.

(२) शीर्ष – सामान्यतः १६ बिटांचे. त्यातील १० बिट परिपथाच्या क्रमांकासाठी असतात. उरलेल्या सहांपैकी तीन बिट गर्दीशी संबंधित आहेत, दोन शीर्षाची लांबी दर्शवतात व एक टोकांच्या उपकरणांसाठी ठेवलेला असतो.

(३) माहिती – हिची लांबी ठरावीक नसते; ती कमी-अधिक असू शकते.

(४) तपासणीचा आकडा – १६ बिटांचा. पाठवताना फ्रेममधील बिटांवर गणित करून हा आकडा काढतात. पुढचे यंत्र तेच गणित पुन्हा करते. उत्तर जुळले नाही तर फ्रेम बिघडली असे समजून ती टाकून दिली जाते.

(५) समाप्तिखूण – प्रारंभखुणेसारखीच.

चौथ्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. बिघडलेली फ्रेम स्विच दुरुस्त करीत नाही, पुन्हा मागवत नाही, पाठवणाऱ्याला कळवतही नाही. तर मग वज्रेश्वरीच्या खिडकीवर पैसे काढायला आलेल्या खातेदाराचे काय? त्याचे पैसे हरवत नाहीत. दोन्ही टोकांच्या संगणकांत टीसीपीसारखा नियमसंच काम करीत असतो. तो प्रत्येक भागाला क्रम लावतो, पोच न आल्यास तो भाग पुन्हा पाठवतो आणि दोनदा आलेला भाग ओळखून एकदाच स्वीकारतो. खातेदाराला थोडे अधिक थांबावे लागते, इतकेच.

६.२.३ आभासी परिपथ व त्याचा क्रमांक

फ्रेम रिलेत प्रत्येक कार्यालय फक्त जवळच्या स्विचशी एका लाइनने जोडले जाते. आपल्या बँकेला पाच कार्यालयांसाठी पाचच लाइन पुरतात. स्विचांच्या आत मात्र ‘वज्रेश्वरीहून ठाण्याला’ असा मार्ग आधीच नोंदवून ठेवलेला असतो. त्यासाठी स्वतंत्र तार नसते, पण वापरणाऱ्याला ती असल्यासारखीच वाटते. म्हणून त्याला ‘आभासी परिपथ’ म्हणतात. कायमचा नोंदवलेला तो स्थायी आभासी परिपथ, आणि गरजेपुरता उभारून मोडला जाणारा तो तात्कालिक. व्यवहारात स्थायी परिपथच अधिक वापरले गेले. एका लाइनवरून असे अनेक परिपथ जाऊ शकतात. पाचही कार्यालये एकमेकांशी जोडायची असतील तरी दहा आभासी परिपथ पाच लाइनवर बसतात.

या परिपथाच्या क्रमांकाला ‘डीएलसीआय’ म्हणतात. दहा बिटांमुळे १,०२४ क्रमांक शक्य होतात. त्यांतील ० ते १५ व शेवटचे काही क्रमांक राखीव असतात. हा क्रमांक म्हणजे पोहोचण्याचा पत्ता नव्हे, ही गोष्ट नवख्याला चकवते. तो केवळ त्या एका लाइनपुरता खरा असतो. मंदिराबाहेर पादत्राणे ठेवल्यावर मिळणारा बिल्ला आठवा. ‘४२’ हा क्रमांक त्या एका खिडकीपुरताच. शेजारच्या खिडकीवर ४२ क्रमांकाचा बिल्ला दुसऱ्याच कोणाचा असतो.

आता फ्रेमचा प्रवास पाहू. वज्रेश्वरीचा राउटर १०२ क्रमांक लावून फ्रेम भिवंडीच्या स्विचकडे पाठवतो. त्या स्विचच्या तक्त्यात नोंद असते : ‘पोर्ट १ वर १०२ आला, तर २१७ लावून पोर्ट ३ ने सोडा.’ ठाण्याच्या स्विचच्या तक्त्यात नोंद असते : ‘पोर्ट ५ वर २१७ आला, तर ३०१ लावून पोर्ट २ ने सोडा.’ मुख्य कार्यालयाच्या राउटरला ३०१ क्रमांकाची फ्रेम मिळते आणि ती वज्रेश्वरीची आहे हे त्याला ठाऊक असते. प्रत्येक टप्प्यावर बिल्ला बदलला, पण थैली तीच राहिली. स्विचला सबंध जगाचा नकाशा माहीत असण्याची गरज नाही. त्याला पुढचे पाऊल माहीत असले की पुरे. म्हणूनच त्याचे काम झटपट होते.

परिपथ जिवंत आहे की नाही, हे कळण्यासाठी राउटर व स्विच यांच्यात ‘एलएमआय’ नावाचा संवाद चालतो. साधारणतः दर दहा सेकंदांनी राउटर विचारणा करतो आणि दर सहाव्या विचारणेला स्विच सर्व परिपथांची स्थिती कळवतो.

आपली प्रगती तपासा – १
(अ) आठ कार्यालये एकमेकांशी थेट जोडण्यास किती स्वतंत्र लाइन लागतील? फ्रेम रिलेत किती लागतील?
(आ) डीएलसीआय हा पत्ता का नव्हे?

६.२.४ बांधील वेग : हमीचे गणित

सामायिक जाळे स्वस्त असते, कारण सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेगाने माहिती पाठवीत नाहीत. परंतु कधीतरी पाठवतात. तेव्हा कोणाची माहिती जावी व कोणाची थांबावी? याचे उत्तर करारात लिहिलेले असते. सामान्य स्थितीत अमुक वेग मिळेलच, असे वचन सेवा देणारा देतो. त्या वेगाला ‘बांधील वेग’ किंवा ‘सीआयआर’ म्हणतात. त्यापलीकडे काही वाढीव माहिती ‘जागा असेल तर नेऊ’ या अटीवर स्वीकारली जाते.

वज्रेश्वरी शाखेची लाइन सेकंदाला ६४ किलोबिटांची, बांधील वेग ३२ किलोबिट व वाढीव मर्यादा १६ किलोबिट आहे असे माना. एरवी शाखेत फारशी वर्दळ नसते. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत मात्र खिडकीसमोर रांग लागते आणि एका सेकंदात ६० किलोबिट माहिती पाठवण्याची वेळ येते. तेव्हा स्विच असा निवाडा करतो :

• पहिले ३२ किलोबिट – हमीचे. ते तसेच पुढे जातात.
• पुढचे १६ किलोबिट – वाढीव. त्यांच्या शीर्षातील ‘डीई’ हा बिट १ केला जातो. ‘टाकायची वेळ आलीच, तर आधी मला टाका’ असा त्याचा अर्थ.
• उरलेले १२ किलोबिट – प्रवेशद्वारीच टाकले जातात.

आता ठाण्याकडे पाहा. मुख्य कार्यालयाची लाइन १२८ किलोबिटांची आहे. चारही शाखांचा बांधील वेग प्रत्येकी ३२, म्हणजे एकूण १२८ आहे. एखाद्या क्षणी चारही शाखांनी प्रत्येकी ४८ किलोबिट पाठवले, तर १९२ किलोबिट ठाण्याच्या दाराशी येतील. म्हणजे ६४ अधिक. खूण केलेल्या फ्रेमही ४ गुणिले १६, म्हणजे ६४ किलोबिटांच्याच आहेत. त्या गेल्या तरी प्रत्येक शाखेची हमी शाबूत राहते. गणित जुळते, वचन खरे ठरते.

परंतु खर्च वाचवण्यासाठी ठाण्याची लाइन ६४ किलोबिटांचीच घेतली तर? करारपत्रात प्रत्येक शाखेपुढे ३२ हाच आकडा राहील. पण चौघी एकाच वेळी बोलू लागल्या की प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी १६ येतील. खोटे कोणी लिहिले नाही, तरीही हमी पोकळ झाली. हीच गोष्ट स्विचांमधील सामायिक लाइनबाबतही घडू शकते. म्हणून करार वाचताना केवळ आपल्या टोकाचा आकडा पाहू नये; वाटेतील सर्वांत अरुंद जागा कोणती आणि तेथे किती जणांना वचन दिले आहे, हे विचारावे. बांधील वेग शून्य ठेवूनही अशी सेवा विकली जात असे. तिच्यात सारे काही ‘जागा असेल तर’ या तत्त्वावर चालते. स्वस्त म्हणून ती घेणाऱ्याने यात्रेच्या दिवशी तक्रार कोणाकडे करावी?

६.२.५ गर्दीच्या खुणा

फ्रेम टाकण्यापूर्वी इशारा देण्याचीही सोय शीर्षात आहे. भिवंडी ते ठाणे या टप्प्यावर गर्दी वाढू लागली की ठाण्याकडे जाणाऱ्या फ्रेममध्ये ‘एफईसीएन’ ही खूण उमटवली जाते. तिच्यावरून घेणाऱ्याला वाटेतील गर्दी कळते. उलट दिशेने वज्रेश्वरीकडे येणाऱ्या फ्रेमवर ‘बीईसीएन’ ही खूण असते; तिचा अर्थ ‘वेग कमी करा’. घाटात उतरणाऱ्या गाडीवाल्याने समोरून येणाऱ्याला ‘पुढे कोंडी आहे’ असे हाताने खुणावावे, तशी ही दुसरी खूण होय. मात्र ही सूचना आहे, सक्ती नव्हे. एखाद्या राउटरने ती ऐकली नाही तर त्याच्या वाढीव फ्रेम टाकल्या जाण्याची शक्यता वाढते.

६.२.६ मर्यादा, अस्त आणि वारसा

फ्रेमची लांबी ठरावीक नसल्याने आवाजासारखी वेळेला बांधलेली माहिती अडकते. १,५०० अष्टकांची, म्हणजे १२,००० बिटांची फ्रेम ६४ किलोबिटांच्या लाइनवरून जाण्यास सुमारे ०.१९ सेकंद लागतो. तिच्यामागे उभा असलेला आवाजाचा तुकडा तितका वेळ खोळंबतो. ‘एटीएम’ या नावाच्या दुसऱ्या जाळेपद्धतीत प्रत्येक तुकडा अवघ्या ५३ अष्टकांचा ठेवला गेला, त्याचे हे एक कारण. (पैसे काढण्याच्या यंत्राशी या नावाचा संबंध नाही.)

तारा पोहोचत नव्हत्या तेथे वेगळाच मार्ग निवडला गेला. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये व्यवहार सुरू केले ते उपग्रहाशी बोलणाऱ्या लहान छत्र्यांच्या, म्हणजे व्हीसॅटच्या आधारे. १९९९ मध्ये बँकांसाठी सुरू झालेले ‘इन्फिनेट’ही प्रथम उपग्रहावर आधारलेले होते. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये हाती घेतलेल्या वारणा प्रकल्पाने ऊस उत्पादकाला गावातच माहिती मिळावी, हा विचार पुढे आणला. मार्ग निरनिराळे, पण प्रश्न एकच होता : शेवटच्या गावापर्यंत कसे पोहोचावे?

पुढे इंटरनेटचा प्रसार झाला, वेग वाढले आणि २००१ मध्ये मूळ रूप प्रमाणित झालेल्या ‘एमपीएलएस’ या पद्धतीने फ्रेम रिलेची जागा घेतली. परंतु टप्प्याटप्प्यावर बिल्ला बदलण्याची युक्ती एमपीएलएसनेही चालू ठेवली. पद्धत गेली, विचार राहिला. हमीचा प्रश्नही राहिला आहे. आज घरगुती इंटरनेटच्या जाहिरातीत वेगाच्या आकड्यामागे ‘पर्यंत’ हा शब्द असतो. या घटकाचा अभ्यास केलेल्या वाचकाने त्या एका शब्दयोगी अव्ययापाशी थांबावे. ‘पर्यंत’ म्हणजे वरची मर्यादा. खालची मर्यादा कोठे लिहिली आहे, हा प्रश्न त्याला सुचला पाहिजे.

६.२.७ भाषेविषयी

मराठीच्या विद्यार्थ्यांनी या पाठातील शब्दांची निवडही पाहावी. ‘स्विच’, ‘राउटर’, ‘फ्रेम’ हे शब्द कारागिराच्या तोंडी रुळलेले असल्याने तसेच ठेवले. ‘आभासी परिपथ’, ‘बांधील वेग’ येथे मराठी शब्द घेतले, कारण त्यांतून अर्थ आपोआप उलगडतो. ‘गर्दी’ला ‘संकुलता’ म्हटले असते तर लेखन जड झाले असते, अर्थ मात्र वाढला नसता. परिभाषा वाचकाला दाराशी अडवण्यासाठी नसून त्याला आत घेण्यासाठी असते, हे तांत्रिक गद्य लिहिणाऱ्याने विसरू नये.

आपली प्रगती तपासा – २
(अ) ‘डीई’ बिट १ असणे याचा अर्थ काय?
(आ) तीन शाखांचा बांधील वेग प्रत्येकी ६४ किलोबिट असून मुख्य कार्यालयाची लाइन १२८ किलोबिटांची आहे. हमी पाळली जाईल का?

६.३ सारांश

दूरच्या कार्यालयांना स्वतंत्र लाइनने जोडणे खर्चिक असते. फ्रेम रिलेत प्रत्येक कार्यालय जवळच्या स्विचशी जोडले जाते व सामायिक जाळ्यातून आभासी परिपथ नेले जातात. स्विच फ्रेम तपासतो, क्रमांक बदलतो व पुढे पाठवतो. बिघडलेली फ्रेम टाकून देतो. हरवलेला भाग पुन्हा मागवण्याची जबाबदारी टोकांच्या संगणकांची असते. बांधील वेग हे ग्राहकाला दिलेले वचन असून ते पाळले जाईल की नाही, हे वाटेतील अरुंद जागेवर अवलंबून असते.

६.४ पारिभाषिक शब्द

आभासी परिपथ : स्वतंत्र तार नसताना तिच्यासारखा चालणारा, स्विचांत नोंदवलेला मार्ग.
डीएलसीआय : एका लाइनपुरता खरा असलेला परिपथाचा क्रमांक.
बांधील वेग : सामान्य स्थितीत देण्याचे वचन दिलेला वेग.
अष्टक : आठ बिटांचा समूह.

६.५ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१. (अ) स्वतंत्र २८. फ्रेम रिलेत ८. (आ) तो एका लाइनपुरताच खरा असतो व प्रत्येक टप्प्यावर बदलतो.
२. (अ) गर्दी झाल्यास ती फ्रेम आधी टाकता येईल. (आ) तिन्ही शाखांनी एकाच वेळी पूर्ण बांधील वेग वापरल्यास नाही. वचन १९२ किलोबिटांचे आहे, जागा १२८ किलोबिटांची.

६.६ स्वाध्याय

१. एक्स.२५ व फ्रेम रिले यांतील चूक-दुरुस्तीच्या पद्धतींची तुलना करा.
२. वज्रेश्वरीहून ठाण्याला जाणाऱ्या फ्रेमचा प्रवास आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘हमी ही आकड्यात नसते, व्यवस्थेत असते.’ या विधानाची उदाहरणासह चर्चा करा.
४. उपक्रम : तुमच्या घरच्या किंवा कार्यालयातील इंटरनेट सेवेचे करारपत्र वाचा. त्यात किमान वेगाचा उल्लेख आहे का, ते पाहा आणि तुमचे निरीक्षण दहा ओळींत, सोप्या मराठीत मांडा.